शीलाबाईंचं पाकीट

"एक पाकीट हरवलं हाये," शालोम थळकर खुर्चीत बसता बसता म्हणाले. "सोमवारच्या आत पाह्यजे."

यवतमाळात खासगी तपासाची पाटी एकच होती, धम्मरत्नची. कोर्टातली कारकुनी सोडून त्यानं ती लावली होती. सोबतीला एसटीचे निवृत्त ड्रायव्हर किसनसिंग.

थळकर जिल्ह्यातल्या यहुदी मंडळाचे अध्यक्ष. मंडळात चौदा घरं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, आणि ढाणकीच्या कापूस सभेत शीलाबाई किहीमकर आपण यहुदी असल्याचं सांगून सरकारविरुद्ध बोलल्या होत्या. मंडळ घाबरलं. सभासदानं जाहीर बोलायचं तर अध्यक्षांची परवानगी हवी, असा ठराव झाला. विरोध एकट्या शीलाबाईंचा.

"लेखी विरोध ठरावासोबत मुंबईच्या मुख्य मंडळाकडं जातो, असा नियम हाये. विरोधाचं पाकीट पाठवलं, असं शीलाबाईनं मले फोनवर सांगतलं. आठ दिवसांनी त्या वारल्या. काल फाइल पाह्यली, त्यात पाकीट नाई. सोमवारी ठराव तसाच गेला तं तो एकमतानं झाला असं होते."

"तुम्ही तं त्यायच्या विरोधात होते ना?" किसनसिंगांनी विचारलं.

"होतो. म्हणून तं आलो."

मंडळाच्या चिटणीस हन्ना रोहेकर शाळेत शिक्षिका होत्या.

"पाकीट आलंच नाही," त्या म्हणाल्या. "पण शीलाबाईंचा फोन आला होता. 'कागदावर हिब्रूत देवाचं नाव लिहिलंय, पहिल्यांदाच, म्हणजे तू नीट जपून ठेवशील.' मी वाट पाहिली. मग वाटलं, त्यांनी विचार बदलला असेल. खरं सांगू? मला बरंच वाटलं."

शीलाबाईंचे पती एझ्रा किहीमकर जिनिंगमधले जुने फिटर. त्यांनी चहा केला, त्यात साखर टाकायची राहिली.

"तिनं पाकीट चिकटवून माह्या हाती देल्लं. आत काय हाये ते दाखवलं नाई, सांगतलंबी नाई. मी हन्नाच्या दारावरच्या टपालपेटीत टाकलं."

"रद्दीत गेलं असंन," किसनसिंग म्हणाले. "नाई तं कोणाच्या चुलीत."

"चुलीत कसं जाईन, भाऊ? ते जाळता येत नाई."

धम्मरत्न काचेच्या कपाटाकडे पाहत होता. खालच्या फळीवर धुळीत एक चौकोन तेवढा स्वच्छ होता.

"इथं काय होतं?"

"प्रार्थनेची फाटकी पुस्तकं. देवाचं नाव असलेला कागद आम्ही मातीत देतो, कोणाच्या मयतासोबत. गठ्ठा तिच्यासोबत गेला."

"मातीले लोक आलते?"

"दहा पुरुष लागतात, नाई तं कद्दिश, मयताची प्रार्थना, म्हणता येत नाई. दहावा वणीच्या खाणीतून आला. मी मोजत होतो."

बाहेर आल्यावर किसनसिंग म्हणाले, "पेटीतून कोणीतरी काढलं, बाप्पा. मले त्या मास्तरीणबाईचा संशय हाये. बरं वाटलं म्हणे."

"जिले लपवायचं असते, ते असं सांगत नाई," धम्मरत्न म्हणाला.

शुक्रवारी दुपारी सगळे थळकरांच्या घरी जमले. दिवेलागणीला शब्बाथ, यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, सुरू होणार होता, मग लेखणी उचलायची नाही.

"पाकीट पेटीत पडलंच नाई," धम्मरत्न म्हणाला. "साधा कागद असता तं चोरानं जाळला असता. किसनभाऊ चुलीचं बोलले तेव्हा एझ्राभाऊ म्हणाले, ते जाळता येत नाई. काहून येत नाई? वर देवाचं नाव होतं म्हणून. पण चिकटवलेल्या पाकिटातलं नाव त्यायले कसं ठाऊक?"

थळकरांनी एझ्रांकडे पाहिलं.

"म्हणजे पाकीट त्यायनं उघडलं. हन्नाबाईले द्यायचं नव्हतं, जाळता येत नव्हतं. असा कागद ठेवायची जागा घरात एकच, तो गठ्ठा."

"गठ्ठा मी उचलला होता," थळकर हळू म्हणाले. "मीच तिच्या उशाशी ठेवला."

"पण काहून?" किसनसिंग म्हणाले. "सोताच्या बायकोचं?"

"ते मातीले माणसं मोजत होते," धम्मरत्न म्हणाला.

एझ्रा खाली पाहूनच बोलले. "डॉक्टरनं तिचा महिनाच राह्यला म्हणून सांगतलं होतं. आपल्यात पुरुष अकराच. कागदावरून फाटाफूट झाली अन् दोघं जरी रुसले, तं तिच्या मातीवर कद्दिश झालं नसतं. ती विचारे, देल्लं का? मी म्हणो, देल्लं. रोज विचारे."

"आम्ही आलो असतो, एझ्रा," थळकर म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "तुले तसं वाटलं, हा दोष मंडळाचा हाये."

"कबर उघडता येणार नाही," हन्नाबाई म्हणाल्या. "आणि आठवून लिहिलेला कागद त्यांचा म्हणून पाठवता येणार नाही."

"तिचा नाई. माह्या नावानं लिहितो. तिचा मी दहादा वाचला हाये."

"तू तं ठरावाच्या बाजूनं हात वर केलता," थळकर म्हणाले.

"केलता. आता खाली घेतो."

थळकरांनी पेन पुढे केलं. ऊन भिंतीवरून सरकत होतं. एझ्रांनी एक पान भरलं आणि खाली सही केली. मग सगळ्यात वर हिब्रूत देवाचं नाव लिहिलं.

कागद त्यांनी हन्नाबाईंसमोर धरला. "हातात घे, बाई."

हन्नाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.