आत्याच्या छातीतली रिकामी जागा

"डावे फुफ्फुस आढळत नाही," पारख म्हणाला.

शाल्मली फस्सकन हसली. पारख हा मालवणच्या सागर संशोधन केंद्रातला नवाकोरा यंत्रमानव. पाणबुडीत बसणाऱ्या प्रत्येकाची छाती तो आधी तपासायचा. आज तिची सुनेत्राआत्या तिला समुद्राच्या तळाची प्रवाळं दाखवायला नेणार होती. आत्या इथेच शास्त्रज्ञ होती.

"आत्या, हा बिघडलाय! फुफ्फुस काय चष्मा आहे, घरी विसरायला?"

पारखने शाल्मलीला तपासले. पडद्यावर दोन फुफ्फुसे उमटली. मग पुन्हा आत्याला. उजवीकडे एक फुफ्फुस, डावीकडे नुसतीच धूसर जागा.

आत्या हसत नव्हती. "तो बिघडलेला नाही, शमे. माझं डावं फुफ्फुस काढून टाकलंय. कर्करोग झाला होता मला."

शाल्मली मटकन बाकावर बसली. जिना चढताना आत्या धापा टाकायची, तेव्हा आपण तिला 'कासव' म्हणून चिडवायचो! तिला रडूच फुटलं.

"कधी? मला कुणीच कसं नाही सांगितलं?"

"तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. तुझ्या बाबाला अजूनही तो विषय काढवत नाही."

"पण झालं काय होतं नेमकं?"

आत्या शेजारी टेकली. "आपलं शरीर पेशींचं (अगदी सूक्ष्म सजीव घटकांचं) बनलेलं असतं. एका पेशीच्या दोन होतात आणि गरज संपली की थांबतात. माझ्या काही पेशी थांबेचनात. त्यांची गाठ झाली, आणि ती हृदयाच्या आवरणापर्यंत पोचली. हा प्रकार इतका दुर्मीळ, की डॉक्टरांनीही असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेले."

"मग?"

"आधी रसायनोपचार (भराभर वाढणाऱ्या पेशी मारणारी औषधं). केस गेले, तोंड सोलवटलं, पण गाठ आक्रसली. मग शस्त्रक्रिया. गाठीसकट अख्खं फुफ्फुस आणि आवरणाचा तुकडा काढला. उरल्यासुरल्या पेशींसाठी किरणोपचार. फार हाल झाले गं. एकदा तर मी म्हटलं, पुरे आता."

"आणि एका फुफ्फुसावर माणूस जगतो?"

"फुफ्फुसात कोट्यवधी वायुकोश (हवेचे इवलेसे फुगे) असतात. रोजच्या कामाला ते सगळे लागत नाहीत. उरलेलं फुफ्फुस थोडं फुगतं आणि दोघांचं काम एकटं ओढतं. फक्त पळायचं म्हटलं की दम लागतो."

शाल्मलीने डोळे पुसले. "डॉक्टर म्हणाले होते, तू बरी होशील?"

"नाही. म्हणाले, असे निम्मे रुग्ण वर्षभरात जातात. तुझा बाबा तिथेच कोसळला. मी मात्र विचारलं, उरलेले निम्मे? त्यांतले काही दोन वर्षं जगतात, काही पाच, आणि एखाददुसरा खूप पुढे जातो. तो आकडा सगळ्यांचा मिळून असतो, शमे. त्यातली मी कुठली, ते कुणालाच ठाऊक नसतं."

"आता परत येईल तो कर्करोग?"

"इतक्या वर्षांनी शक्यता फार कमी. अजिबात नाही, असं मात्र म्हणणार नाही. म्हणून तर तपासण्या करते."

पारखने आत्याला थोडं चालवलं, रक्तातला प्राणवायू मोजला आणि केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं. "परवानगी आहे," तो म्हणाला.

आत्या मात्र उठली नाही. "अजून एक सांगू? माझ्या गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत जपलाय. जगभरातल्या अशा गाठी तपासून आता नवी औषधं बनतात. हेमांगी नावाची कॉलेजातली मुलगी आहे, तिलाही हाच आजार झालाय. तिला ती औषधं मिळणार आहेत. उद्या मी तिला भेटायला जातेय. पण ती कुणाशी बोलतच नाही."

शाल्मलीने आत्याचा हात घट्ट धरला.

"मी येऊ? नाही बोलली तरी चालेल. तिला फक्त दाखवू, की तुझ्या आजारानंतर जन्मलेली भाची आता एवढी मोठी झालीय."