आईच्या डाव्या बाजूला

ही गोष्ट खरी आहे. पटवून द्यायला माझ्याकडे काही नाही, आणि तुम्हाला पटली नाही तर मला बरंच वाटेल.

गेल्या महिन्यातला बुधवार. दुपारचे तीन. आईला घेऊन मी इतिहासाच्या मोठ्या संग्रहालयात गेले होते.

साखरेच्या आजाराने आईची दृष्टी गेली, त्याला आता सहा वर्षं झाली.

"मला तिथे काय दाखवणार, कपाळ?" असं म्हणून ती आधी नाहीच म्हणाली होती.

पण बुधवारी तिथे अंध लोकांना जुनी मडकी हाताळायला देतात. आईने जन्मभर शिवणकाम केलं. तिची बोटं अजून सगळं बघतात.

एक गोष्ट आधीच सांगते. मला धाकटी बहीण होती. चिमी म्हणायचो तिला. सहा वर्षांची होती. रस्ता ओलांडताना आईची चप्पल निसटली, ती घालायला आईने क्षणभर तिचा हात सोडला... आणि ट्रक आला.

त्यानंतर आईने तिचं नाव कधी घेतलं नाही.

मडक्यांच्या दालनात आई खुशीत होती. एक मडकं चाचपून म्हणाली, "कुंभार घाईत होता गं. काठ कसा उरकलाय बघ."

पुढचं दालन दफनांचं.

तिथे काचेमागे एक लहानसा सांगाडा होता. कुशीवर निजवलेला. मी सवयीने पाटी वाचून दाखवली. "मुलगी. वय अंदाजे सहा. जवळपास दुसऱ्या कुणाचं दफन सापडलं नाही."

वाचून झाल्यावर मी जीभ चावली.



जिना उतरताना आई फार हळू चालायला लागली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

"गुडघे दुखतायत का?"

"नाही. हिची पावलं लहान आहेत."

मी वळून पाहिलं...

आईचा उजवा हात माझ्या हातात होता. डावा खाली, थोडा बाहेर. मूठ अर्धी मिटलेली.

बाजूला कुणीच नव्हतं.

पण कुणीतरी घट्ट धरल्यासारखी तिची बोटं पांढरी पडली होती.

बाहेर पडायला फिरतं फाटक होतं. रखवालदार म्हणाला, "मावशी, एकेकजण या."

"आम्ही हात सोडून नाही जाणार."

"आई, चल ना," मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं.

माझ्याकडे बघून त्याने चाकाच्या खुर्चीसाठीचं रुंद दार उघडलं. आम्ही दोघी बाहेर आलो.

तरी त्याने दार धरूनच ठेवलं... आणखी एक माणूस जाईल एवढा वेळ. मग गोंधळून लावलं.

तीन आठवडे आई सगळी कामं उजव्या हातानेच करत होती. शेवटी मी धीर करून म्हटलं, "आई, चिमीला आता जाऊ दे."

"चिमी नाही ती."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"चिमीच्या बोटात मशीनची सुई गेली होती. नख दुभंगलेलंच वाढायचं. मी जिन्यातच पाचही बोटं चाचपली." आई जरा थांबली. "हिची नखं अख्खी आहेत."

"मग... सोड ना हात."

"लेकरानं आपण होऊन धरलाय. एकदा सोडला, तो जन्मभर पुरला. हिचाही सोडून ते पाप कुठे फेडू?"

ती रडत होती. मीही.

काल दवाखान्यातून येताना रस्ता ओलांडत होतो. मी आईच्या उजव्या बाजूला. डावीकडून एक गाडी भरधाव आली.

"आई, तिला आत ओढ!" मी ओरडले.

आईने डावा हात झटकन पोटाशी घेतला. गाडी गेली.

उरलेला रस्ता आम्ही लहान लहान पावलांनी पार केला.