कस्तुराची फांदी

"ही वेबसाइट ज्याने बनवली ना, त्याचे एकदा कान उपटायचेत मला!"

कॉफीच्या यंत्रापुढच्या रांगेत उभी राहून मी मैत्रिणीला फोनवर सांगत होते. पुढच्या उंच मुलाने वळून पाहिलं आणि निमूटपणे मान झुकवली.

"डावा आधी, की उजवा?"

मी... घाईघाईने फोनच बंद केला!

आमची संस्था पक्ष्यांचे आवाज जपून ठेवते. मी रानात फिरून ते टिपून आणते. वेबसाइटवर त्यांचं एक झाड आहे – कूळ उघडलं की जाती दिसतात, जात उघडली की आवाज. पण नव्या संगणकावर ते गोगलगायीसारखं सरकायचं, आणि जुन्यावर तर उघडायचंच नाही.

दुपारी तो माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

"तुम्ही एक फांदी मागता आणि ब्राउझर बिचारा अख्खं झाड उपटून आणतो," तो म्हणाला. "आता मागाल तेवढीच फांदी येईल. आणि जुन्या ब्राउझरशी जरा साध्या भाषेत बोलायला हवं."

"माणसांशीही असंच साधं बोलता?"

"बोलतो की. फक्त समोरचं माणूस हसलं... की अडखळतो."

मग तो रोज येऊ लागला. खिडकीबाहेर धुकं रेंगाळायचं. हेडफोनचं एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. कस्तूर पक्ष्याची शीळ ऐकताना तो डोळे मिटायचा, आणि मी त्याच्या पापण्यांकडे बघत बसायचे. फांद्या एकेक करून झरझर उघडू लागल्या. एखादं काम रखडावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

शेवटची चाचणी आमच्या घरी ठरली. एरवी रानोमाळ भटकणारी आत्या पाय मोडल्यापासून घरातच होती, आणि तिचा संगणक माझ्या शाळेच्या दिवसांतला. तिने कस्तुरावर टिचकी मारली.

क्षणात खोलीभर शीळ घुमली! आत्याचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी ती रानात गेली होती.

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी आतून चष्मा घेऊन येते," ती म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. चष्मा तिच्या नाकावरच होता.

तो वायरशी उगाच चाळा करत राहिला.

"काम तर संपलं. आता तुम्हाला भेटायचं तर... कारण काय सांगू?"

माझे गाल तापले.

"कारण कशाला हवं?" मी म्हटलं. "नुसता ये."

त्याने चमकून वर पाहिलं.

"ये? म्हणजे... 'या' नाही?"

"नाही."

"येतो," तो म्हणाला. आणि जागचा हललाच नाही.