अवसेची खेप

"भ्यायचं काही नाही त्यात," आसाराम तात्या म्हणाले. "वस्तीवर पाणी पोचवायचं होतं, एवढंच. सरकारी काम. भुतं सरकारी कामाच्या वाटेला जात नाहीत, असा नोकरीभर माझा समज होता."

मिरजगावातले दिवे गेले होते. तात्यांच्या ओट्यावर गोरक्ष आणि त्याचे दोघं दोस्त गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. तात्यांनी सुपारी कातरली आणि सुरुवात केली.

गेल्या सालच्या, त्र्याहत्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. दोन मे, बुधवार. चैत्रातली अवस. गहिनीनाथ तेव्हा टँकर चालवायचा आणि मी तलाठी म्हणून त्याच्या खेपा लिहायचो. दिवस मावळून अंधार पडला तरी तो विहिरीवर टँकर भरत उभा होता. पंपावरचा सहादेव म्हणाला, "अवस हाय आज. सकाळच्याला जा की."

"दोन दिस गाडी बंद पडल्ती. वस्तीवर घोटभर पानी न्हाई. मनकर्णा बाळंतीण हाय तिथं, अंगात ताप हाय."

मनकर्णा म्हणजे त्याची पाठची बहीण.

"आन् चकवा लागला तर?"

"तर बसून ऱ्हाईन जागच्या जागी."

"तू आन् बसनार! पायाला भिंगरी बांधूनच जल्मलास."

तसा सहादेव चुकत नव्हता. गहिनीनाथ पलटणीतला ड्रायव्हर. एकाहत्तरच्या लढाईत जैसलमेरकडे पाण्याचीच गाडी हाकत होता. परत आल्यावर सगळ्या गावाला त्यानं ते शहर तोंडपाठ करायला लावलं. त्या लोकांची जुनी राजधानी लोद्रव्याला, उघड्या माळावर. लुटारूंना दार वाजवायचीही तसदी नाही. म्हणून बाराव्या शतकात त्यांचा राजा रावळ जैसल नवी जागा हुडकत निघाला. एका म्हाताऱ्या साधूनं त्याला त्रिकूट टेकडी दाखवली. अर्जुनाला तहान लागली तेव्हा कृष्णानं चक्र मारून तिथल्या खडकातून पाणी काढलं, अशी कथा आहे. जैसलनं आधी पाणी पाहिलं, मग किल्ला बांधला. आपण आधी गाव वसवतो, मग पाण्यासाठी कमिटी नेमतो. कमिटी चहा पिऊन जाते.

"तात्या," गोरक्ष म्हणाला, "भुताची गोष्ट हाय का भूगोलाचा तास?"

"तुला भूगोलात किती मार्क होते ते मला ठाऊक आहे. गप ऐक."

वाळवंटात रस्ता टिकत नाही. सकाळची चाकोरी दुपारी वाऱ्यानं बुजते. मग ड्रायव्हर काय करतात? पिवळ्या दगडाचा तो किल्ला उन्हात कोसांवरून दिसतो. दिसला की गाडीचं नाक तिकडे करायचं आणि डोळे झाकून हाकायची. गहिनीनाथच्या मनगटात ही सवय मुरली होती. डोकं विसरलं असतं. मनगट विसरत नाही.

तर गाडी निघाली. पुढचं मला त्यानंच सांगितलं. ओढा ओलांडला की डावीकडे वळण, पुढे वस्ती. ओढा लागला. गहिनीनाथ वळला. थोडं गेला, तर पुन्हा ओढा. ओढ्यावरची तीच फरशी, तीच वाकडी बाभळ. पुन्हा वळला. पुन्हा ओढा.

त्यानं इंजिन बंद केलं. चकवा लागला की हलायचं नाही. कोंबडं आरवेपर्यंत बसायचं. आपल्याकडची लहान पोरंही हे जाणतात. तो बसला. बिडी पेटवली. बिडी संपली. मागं टाकीत पाणी डुचमळत होतं... गाडी उभी असून.

त्याला मनकर्णाचे कोरडे ओठ दिसले. बसवेना.

त्यानं गाडी चालू केली. मान वर केली.

समोर किल्ला होता.

पिवळाधमक. उन्हात दिसावा तसा. अवसेच्या रात्री.

आपण कर्जत तालुक्यात आहोत, हे त्याला कळत होतं. इथं अशी टेकडी नाही, हेही कळत होतं. पण मनगट वळलं. गाडीचं नाक तिकडे झालं.

जवळ जाता जाता किल्ला विझला. राहिला नुसता माळ. आणि माळावर बायांची रांग. प्रत्येकीपुढे घागर. जैसलमेरकडच्या बायांसारखा घागऱ्याचा घेर, तोंडावर ओढणी. बोलणं नाही. कोल्हंकुत्रं नाही.

गाडी आपोआप थांबली.

"पानी वस्तीचं हाय," गहिनीनाथ म्हणाला. "माजी बहीण..."

कुणी हललं नाही. मागचा नळ सुटल्याचा आवाज आला. त्यानं उतरून नळाची चावी धरली. फिरेना. दोन्ही हातांनी धरली. फिरेना. एक घागर भरली. दुसरी. बाया पुढे सरकत होत्या. तो विनवत होता. रडत होता. नळ वाहत होता.

मग धार बारीक झाली.

रांगेत एकच बाई उरली. तिच्या अंगावर घागरा नव्हता. हिरवं लुगडं होतं... बाळंतिणीला त्यानंच नेऊन दिलेलं.

"मने..."

तिनं घागर नळाखाली ठेवली.

धार तुटली.

त्यानं नळाला तोंड लावून ओढलं. टाकीवर बुक्क्या मारल्या. थेंब नाही. ती उभी होती. नुसती पाहत होती...

तात्या थांबले. त्यांनी अडकित्त्यात दुसरी सुपारी धरली.

उजाडताना वस्तीवरच्या लोकांना तो सापडला. टँकर वस्तीच्या अगदी तोंडाशी, हाकेवर उभा. टाकी रिकामी. चाकांखालची जमीन कोरडी ठक्क. मनकर्णाची सासू छबूबाई तान्हं लेकरू छातीशी धरून आली. तिनं त्याला शिवी दिली नाही, हेच वाईट झालं.

"गेली रं," ती म्हणाली. "कोंबड्याच्या आधी. रातभर पानी पानी करीत हुती. मंग म्हनली, दादा आलाय. लई बाया हायत म्होरं. मी रांगंत हुबी हाय, माजा नंबर येईल."

"आणि टँकरचं पाणी?" गोरक्षनं हळूच विचारलं.

"लोक म्हणाले, नळ गळका असेल. निरोप मिळताच मी तिथं पोचलो होतो. मीही तेच म्हणालो. माणसानं काहीतरी म्हणावंच लागतं. मग मी टँकरच्या मागं गेलो. धुळीत घागरी टेकल्याचे गोल ठसे होते. एकामागं एक, पार माळापर्यंत. पावलाचा ठसा मात्र एकही नाही. सगळे गोल कोरडे. नळाखालचा, शेवटचा, तेवढा ओला होता. त्या उन्हाळ्यात विहिरींचे तळ फाटले. मी दर बाजारच्या दिवशी वाट वाकडी करून तो गोल बघून यायचो, हात लावून."

तात्यांनी अडकित्ता मिटला.

"ओलाच असायचा."