टाकी नंबर दोन

"मॅडम, परत फेल! टाकी नंबर दोन, खालचा व्हॉल्व्ह. आता त्या बाईला घरी घालवल्याशिवाय माझ्याकडं दुसरा मार्ग नाही."

फोनवर धैर्यशील होता, कसबा बावड्याच्या पुढच्या एका खासगी डेअरीचा क्वालिटी मॅनेजर. प्रेरणा स्वच्छता तपासनीस होती. ती जयसिंगपूरला राहायची आणि बोलावणं येईल त्या डेअरीत जायची.

"मी पोचेपर्यंत नोटीस देऊ नका," ती म्हणाली.

"लवकर या. वरून फोनावर फोन येताहेत."

डेअरीत दुधाच्या दोन मोठ्या टाक्या होत्या. एक नंबरची शालूबाई धुवायची, दोन नंबरची आक्काताई. रोज सकाळी धुणं झालं की धैर्यशील प्रत्येक टाकीच्या नळीतली कापसाची ओली कांडी काढून तिच्या व्हॉल्व्हवरून फिरवायचा, म्हणजे स्वॅब घ्यायचा. कांडी परत नळीत घालून नळी मशीनमध्ये ठेवायची. आकडा लहान आला तर पास, मोठा आला तर फेल. गेले काही दिवस एक नंबर पास होत होती आणि दोन नंबर फेल. मशीनला काही आक्काताईचं वैर नव्हतं. म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं, बाई अंगचोर आहे. अशा गोष्टी ठरवायला आपल्याकडं वेळ लागत नाही, आणि बाई कुठल्या वस्तीतून येते हे माहीत असलं तर मुळीच लागत नाही.

प्रेरणानं आक्काताईला पुन्हा व्हॉल्व्ह धुवायला लावला. आक्काताईनं तो खोलला, रबराची चकती काढली, घासली, औषधाच्या पाण्यात बुडवली आणि परत जोडला. प्रेरणानं आपल्या पिशवीतली नळी काढून स्वॅब घेतला. पास.

"तुम्ही समोर उभ्या, मग नीट धुणारच की," धैर्यशील म्हणाला आणि मीटिंगसाठी शहरात निघून गेला.

त्याचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. प्रेरणाला ते आवडलं मात्र नाही.

"रोज असंच धुता?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग फेल का येतं?"

"ते मला ठावं असतं तर तुमाला कशाला बोलावलं असतं?" आक्काताईचा आवाज चढला. "घासून घासून हाताची सालटी निघाली मॅडम. आनि वर चोर मीच!"

प्रेरणा लॅबमध्ये गेली. तिथं कामगारांना बंदी होती. आत सुष्मिता होती, लॅब असिस्टंट, कित्येक वर्षं कंत्राटावर. टेबल आरशासारखं लख्ख.

"नळ्या कुठं असतात?"

"फ्रीजमध्ये. रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी मी दोन नळ्यांवर टाकीचा नंबर चिकटवून ठेवते. सकाळी सर नेतात."

"सकाळी नंबर का नाही चिकटवत?"

"सकाळी घाई असते. पहिल्यापासून असंच चालतं."

"फ्रीजमध्ये ही बाटली कसली?"

"चनबसाप्पांचं ताक. कितीदा सांगितलं, लॅबच्या फ्रीजमध्ये ठेवू नका म्हणून." ती हसली. "मॅडम, तुम्ही उगीच त्रास घेताय. उद्या बघा, दोन नंबर परत फेलच येणार."

सुष्मिता लेबलं छापायला बसली. प्रेरणा बाहेर आली आणि चनबसाप्पाला गाठलं. तो पाळीचा प्रमुख होता, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि आवाज अख्ख्या डेअरीला ऐकू जाईल असा.

"मला सगळा प्लांट दाखवा," ती म्हणाली. "रोज टाक्यांना विभूती लावता म्हणे?"

"लावतो की! दोन्हीला लावतो. का, बंद करू?"

"राख आहे ती. या मशीनला राख दिसत नाही. दूध, खरकटं, घाम असलं काही लागलं तरच आकडा चढतो. आणि ताक?"

"ताक माजं हाय. पोटाला थंड म्हणून पितो. त्यात काय गुन्हा हाय?"

"नाही. आक्काताईवर कुणाचा राग आहे?"

चनबसाप्पानं इकडंतिकडं पाहिलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "राग कसला? आता तिची लेक मनाली लॅबच्या कायम जागंला बसलीया. लेखी परीक्षेत पयली आली. पुढल्या आठवड्यात मुलाखत. पर आईला कामात कसूर म्हणून काढलं, तर घरातल्या कुणालाच घेत न्हाईत. नियमच हाय इथला."

म्हणजे पणाला नुसती आक्काताईची नोकरी लागली नव्हती. लेकीच्या शिक्षणाचं सगळं चीज त्या एका व्हॉल्व्हवर अडकलं होतं.

प्रेरणानं चनबसाप्पाला क्षणभरही सोडलं नाही. संध्याकाळी सुष्मिता पर्स घेऊन गेटबाहेर पडलेली दिसली, तेव्हाच प्रेरणा एकटी लॅबमध्ये गेली. काही मिनिटांत फ्रीजला कुलूप घालून, किल्ली बरोबर घेऊन बाहेर आली.

सकाळी धुणं आटोपलं. प्रेरणानं फ्रीज उघडून दोन्ही नळ्या धैर्यशीलच्या हातात दिल्या. त्यानं नंबर बघून स्वॅब घेतले आणि मशीनमध्ये घातले. सगळ्यांना प्रेरणानं लॅबमध्ये बोलावलं होतं, कामगारांनासुद्धा.

टाकी नंबर दोन, पास.

टाकी नंबर एक, फेल.

"आगं आई गं!" शालूबाईनं कपाळाला हात लावला. "मी काय केलं? मी रोजच्यासारखंच धुतलं वो!"

"तुम्ही काहीच केलं नाही," प्रेरणा म्हणाली. "आक्काताईनंही नाही. काल संध्याकाळी मी दोन्ही नळ्यांवरच्या लेबलांची अदलाबदल केली. दोनसाठी ठेवलेली नळी आज एकवर वापरली गेली. टाक्या जागच्या जागी, पण फेल मात्र नळीबरोबर पलीकडं गेलं. घाण व्हॉल्व्हमध्ये नव्हतीच. नळीतल्या कांडीला आधीच लावलेली होती. ताकाचा एक थेंब पुरतो. ओल्या कापसावर तो डोळ्यांना दिसतही नाही."

सगळ्यांच्या माना चनबसाप्पाकडं वळल्या.

"माज्याकडं काय बघताय?" तो गरजला.

"ताक त्यांचं, हात त्यांचा नाही," प्रेरणा म्हणाली. "थेंब मी लेबलं बदलल्यानंतर पडला असता, तर दोनचं लेबल बघून पडला असता आणि आजही दोनच फेल आली असती. एक फेल आली, म्हणजे थेंब आधीच पडला होता. कोणती नळी आक्काताईची हे लेबल लागल्याशिवाय कळत नाही. लेबलं लागली काल संध्याकाळी. तेव्हा धैर्यशील शहरात होते. चनबसाप्पा माझ्याबरोबर होते. कामगारांना इथं पाय ठेवता येत नाही. मग राहिलं कोण?"

सुष्मितानं टेबलाची कड घट्ट धरली होती.

"का केलंस गं?" शालूबाईनं विचारलं.

"का?" सुष्मिता उसळली. "दर वर्षी सांगतात, पुढच्या वर्षी कायम करू. नव्या पोरांना मी शिकवायचं, रिपोर्ट मी लिहायचे, आणि जागा निघाली की लेखी परीक्षा! आणि पहिली कोण? जिची आई इथं टाक्या घासते, ती! तिच्या हाताखाली मी बसू? आमच्या घरात तोंड कसं दाखवू?"

धैर्यशील खाली बघत होता. वर्षानुवर्षं आशेवर ठेवणाऱ्यांत तोही होता. शिक्षा मात्र सुष्मिता एकटी भोगणार होती. ते न्याय्य नव्हतं, आणि आक्काताईच्या बाबतीत जे घडलं तेही नव्हतं. डेअरीला दोन्हीचं काही सोयरसुतक नव्हतं.

"हे गेटच्या बाहेर जायला नको," तो शेवटी म्हणाला. "आक्काताई, तुम्हाला आता नोटीस नाही. मनालीला मुलाखतीला पाठवा. झालं गेलं विसरून जा."

माफी कुणीच मागितली नाही. सगळे आपापल्या कामाला पांगले. प्रेरणा आक्काताईच्या मागोमाग टाकीपाशी आली. काम फत्ते झाल्याचा आनंद तिला झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नव्हता.

"मनालीला फोन करा की. किती काळजीत असेल पोरगी."

आक्काताईनं बादलीत पाणी सोडलं.

"तिला मी पयल्या दिवशीच सांगितलं हुतं मॅडम. आयच्यान धुतलंय म्हनलं, तुज्या बाच्या फोटूम्होरं हात ठिवून सांगितलं. तर म्हनाली, 'आई, मशीन खोटं बोलत न्हाय. तू माजी मुलाखत घालवलीस.' तवापास्नं बोलत न्हाय माज्याशी. ताट वाढून ठिवते, ती जेवती आनि उठती."

"आता खरं कळलं की बोलेल."

"बोलंल की," आक्काताई म्हणाली आणि घासणी उचलली. "पर फोन तुमीच करा. माजं ऐकून घ्यायची न्हाय ती."