बरणीतले बल्ब

मिस्त्रींचं नाक त्या रस्त्यावर प्रसिद्ध होतं. गाडी फाटकातून आत येते न येते तोच ते हातातला पाना खाली न ठेवता सांगायचे, "क्लच जाळलाय," किंवा "सायलेन्सरवर ऑइल ठिबकतंय," आणि खाली वाकून पाहिलं की तसंच निघायचं. जळक्या क्लचचा वास आंबूस असतो, वायरीचा घशात चिकटतो, ब्रेकचा तापल्या लोखंडासारखा येतो. चाळीस वर्षांत एकाही वासाने त्यांना चकवलं नव्हतं आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता. बायको म्हणायची, घरात काही करपलं की मात्र ह्यांना नेमकी सर्दी होते.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास त्यांची मुलगी आपली जुनी व्हॅन घेऊन गॅरेजात शिरली. ह्याच व्हॅनमधून ती रोज सात मुलांना शाळेत सोडायची आणि साडेतीनला परत घरोघरी पोचवायची.

"बाबा, गाडीत काहीतरी जळतंय," ती उतरता उतरता म्हणाली. "सकाळपासून वास येतोय. आणि तो लाल दिवा पुन्हा लागलाय, तेलाच्या किटलीचं चित्र आहे ना, तोच."

"तो कसा लागेल?" मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे? मी काय खोटं सांगतेय?"

मिस्त्रींनी जीभ चावली. तो लागणं शक्यच नव्हतं, कारण मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच त्याचा बल्ब काढला होता. इंजिनातलं ऑइल घटलं की लागावा असा तो दिवा, पण सेन्सर बिघडल्यामुळे उगाचच लुकलुकायचा. इतक्या जुन्या गाडीचा सेन्सर कुठे मिळेना आणि मुलगी रोज डोकं खायची. शेवटी त्यांनी गेज लावून ऑइलचा दाब तपासला, तो व्यवस्थित होता. मग बल्ब काढून घेतला आणि तिला सांगितलं, झालं दुरुस्त. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या बाबतीत त्यांनी अशीच वेळ मारून नेली होती. काढलेले बल्ब फळीवरच्या काचेच्या बरणीत पडलेले असायचे, चांगल्या दोन-तीन मुठी. कुठला बल्ब कुणाच्या गाडीतला, हे आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तू जेवून घे," ते म्हणाले. "तीनपर्यंत बघून ठेवतो."

"तीन म्हणजे तीन हं. पोरं फाटकावर उभी राहतात माझी." ती गॅरेजामागच्या घरात गेली.

मिस्त्रींनी आधी ऑइल पाहिलं. पातळी बरोबर, रंग बरा. फ्यूज एकेक काढून पाहिले, एकही करपला नव्हता. चारही चाकांजवळ हात उलटा धरून पाहिला, कुठलाही ब्रेक तापलेला नव्हता. मग ते गाडीखाली सरपटले आणि तिथे त्यांना सापडलं: सायलेन्सरवर प्लास्टिकची पिशवी वितळून चिकटली होती. मिस्त्री मोठ्याने हसले. एवढ्याशा पिशवीने पोरीला सकाळपासून पिडलं होतं. त्यांनी ती खरवडून काढली, हात पुसले आणि खात्री करायला मागचं दार उघडून आत डोकं घातलं.

वास तसाच होता.

आता त्यांनी नीट हुंगलं. वास खालून येत नव्हता, बॉनेटकडूनही येत नव्हता. तो मागच्या सीटवर होता, डाव्या खिडकीशी, आणि तिथून तसूभरही हलत नव्हता. सगळी दारं उघडून त्यांनी टेबलफॅन लावला, गाडीत चिकटवलेला शाळेच्या वेळापत्रकाचा कागद फडफडला, पण वास जागचा हलला नाही. ह्या वासाला ऊबही नव्हती. जळकी वस्तू निदान कोमट तरी लागते. सीटचं रेक्झिन हाताला गार लागत होतं.

सीटवर एक निळी पाण्याची बाटली पडली होती. झाकणावर फूल चिकटवलेलं. ती चिमणीची असणार, सातांतल्या सर्वांत धाकट्या पोरीची. तिच्या बाटलीच्या आणि खिडकीच्या भांडणाच्या गोष्टी मुलगी रोज रात्री जेवताना रंगवून सांगायची. मिस्त्रींनी बाटली नाकाशी नेली आणि झटकन लांब धरली. बाटलीवर कुठे ओरखडाही नव्हता, आतलं अर्धं पाणी स्वच्छ होतं. पण वास तिचाच होता. वितळलेलं प्लास्टिक, जळकं रेक्झिन, कागद. त्याखाली आणखी एक वास होता. तो काय आहे ते मिस्त्रींना कळलं. तीस वर्षांपूर्वी घाटात माणसांसकट जळालेली एक गाडी ओढून आणायला ते गेले होते, तेव्हा त्यांनी तो घेतला होता. त्यांनी बाटली सीटवर ठेवली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग ते चालकाच्या जागेवर बसले. किल्ली खिशात होती, गाडी बंद होती. समोर किटलीचं चित्र लाल पेटलेलं होतं.

"शॉर्ट आहे कुठेतरी," ते स्वतःशीच म्हणाले. ते एकटे असताना सहसा बोलत नसत.

चार स्क्रू काढून त्यांनी मीटरचं पॅनेल पुढे ओढलं आणि मागे हात घातला. बल्बची खोबण रिकामी होती. तिच्यावर त्यांनी स्वतः लावलेली काळी टेप होती, टोक दुमडून लावायची त्यांची सवय होती तशीच दुमडलेली. त्यांनी टेप सोलली आणि बोट आत घातलं. आत काही नव्हतं. पण बोटाच्या नखावर लाल उजेड पडला.

त्यांनी बोट मागे घेतलं, उतरले, बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या. घाईत पाना दोनदा निसटला. परत येऊन खिडकीतून पाहिलं.

दिवा चालूच होता.

तीनला पाच कमी असताना मुलगी केस बांधत बाहेर आली. "झालं?"

खरं सांगायचं तर आत्ताच, हे मिस्त्रींना कळत होतं. पण सांगायचं काय? बल्ब नसताना दिवा लागलाय? मग बल्ब कुठे गेला, हे ती विचारणारच. सात मुलं बसतात त्या गाडीचा इशारा बापाने काढून टाकला आणि वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसला, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांना भीती वाटत होती आणि त्याहून जास्त लाज वाटत होती.

"क्लचचं काम निघालंय," ते म्हणाले. "आज ही न्यायची नाही. समोरच्या काकांची व्हॅन घेऊन जा, ती ठणठणीत आहे. मीच बघतो ना."

काकांचं समोर रंगाचं दुकान होतं आणि दुपारी त्यांची व्हॅन सावलीत उभीच असायची. काकांनी मागचे रंगाचे डबे खाली उतरवून घेतले, सीटवर फडकं मारलं आणि किल्ली दिली. मुलगी निघाली. फाटकापर्यंत जाऊन परत आली, वाकून मागच्या सीटवरून निळी बाटली उचलली.

"ही राहू दे," मिस्त्री घाईने म्हणाले. "उद्या दे."

"अहो, ती रडून रडून गाडी डोक्यावर घेईल. सकाळपासून पाणी प्यायलेली नसेल." तिने बाटली नाकाजवळसुद्धा नेली नाही. बगलेत मारली आणि गेली.

मिस्त्री स्टूल घेऊन बंद व्हॅनसमोर बसले. गाडी इथे, वायरी सुटलेल्या, किल्ली खिशात. आता काही होणार नाही, असं ते मनाला समजावत राहिले. साडेतीन झाले. शाळा सुटली असेल. पावणेचारला त्यांनी पाहिलं तेव्हा किटलीचा दिवा विझला होता.

त्यांच्या जिवात जीव आला. दार उघडून त्यांनी मागच्या सीटवर डोकं नेलं. जुन्या रेक्झिनचा आणि खोडरबराचा वास, बस्स. जळका वास पार गेला होता.

फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, गंमतच आहे. ह्या गाडीतही तोच दिवा लागलाय, लाल. काकांना फोन केला तर हसायला लागले. म्हणाले, कसा लागेल, तो बल्ब तर तुझ्या बाबांनीच काढून घेतलाय."

मिस्त्रींनी फळीवरच्या बरणीकडे पाहिलं.

"कुठे आहेस?"

"पुलावर. पुढे ट्रक बंद पडलाय, सगळं अडकलंय."

"मुलांना उतरव."

"भर पुलावर? बाबा, काहीतरीच काय? काका म्हणाले ते खरं आहे का?"

"उतरव म्हणतोय ना!"

"आधी सांगा."

"खरं आहे," मिस्त्री म्हणाले. "तुझ्याही गाडीतला काढलाय. दुरुस्त केला म्हणून खोटं सांगितलं तुला. पोरी, आता काही विचारू नकोस, दार उघड."

फोनमधून हॉर्न ऐकू येत राहिले, मुलांची खिडकीवरून चाललेली भांडणं ऐकू आली. मग मागच्या सीटवरून चिमणीचा आवाज आला, रोजच्यासारखा किरकिरा.

"ताई, माझी बाटली बघ ना. गरम झालीये."