सातव्या रांगेतला गठ्ठा

बायको गेली त्या दिवशी मी शेडमध्ये गठ्ठ्यांचा ताप बघत होतो. मेव्हणीचा फोन आला तेव्हा तीन वाजायला आले होते. "भावोजी, ताई गेली," एवढंच ती बोलली. हातातली सळई गठ्ठ्यातच राहिली.

माझं काम सांगतो. पूर्वी काढणी झाली की लोक पेंढा शेतातच पेटवून द्यायचे, आठवडाभर डोळे चुरचुरायचे. आता तोच पेंढा गठ्ठे बांधून आमच्या वीजकेंद्रात येतो आणि कोळशाऐवजी बॉयलरमध्ये जळतो. गठ्ठा आतून ओला राहिला की तापतो, फार तापला तर आपसूक पेटतो. म्हणून लांब सळईचा थर्मामीटर प्रत्येकात खुपसायचा आणि आकडा वहीत लिहायचा. एकोणीस वर्षं हेच करतोय.

त्या सकाळी मी बूट घालत होतो. बायको भिंतीला टेकून उभी होती.

"अहो, जरा हात लावून बघा ना, अंग तापलंय का."

"आल्यावर बघतो. गाड्या खोळंबल्यात."

"जा बाई, गवताचा ताप बघा," ती हसली. "मी काय, पेट थोडीच घेणार आहे!"

दोन दिवस तिने ताप अंगावर काढला होता. हे मला मेव्हणीकडून कळलं. मेव्हणीनेच तिला त्या दिवशी दवाखान्यात नेलं. तिथल्या कागदावर तापाचे आकडे होते, आमच्या सळईसारखेच सेल्सिअसमध्ये : नऊला एकोणचाळीस, बाराला चाळीस, दोनला एक्केचाळीस. दोन वाजून चाळीस मिनिटांनी सगळं संपलं. कागद घडी करून मी खिशात ठेवला.

पंधरा दिवसांनी कामावर गेलो. सातव्या रांगेत, खालच्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्याचा आकडा सकाळी एकोणचाळीस आला. एवढ्याने घाबरायचं कारण नसतं. दुपारी चाळीस. दोनला एक्केचाळीस. तीन वाजता शेजारच्या गठ्ठ्यांसारखाच, अठ्ठावीस.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. सळई बदलली. ओलावा मोजला, तर गठ्ठा आतून ठणठणीत कोरडा. चौथ्या दिवशी खिशातला कागद काढला आणि वहीशेजारी ठेवला.

दोन्हीकडे आकडे तेच होते.

क्रेन चालवणारे मामा रोज बघत होते. "काय हो, नाडी बघताय का त्याची? औषध लिहून द्या एकदाचं!" मी हसलो नाही, तेव्हा ते खाली उतरले. गठ्ठ्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढून घेतला. हात पँटला पुसला.

"मामा, काय झालं?"

"काही नाही."

"सांगा ना."

"माझी धाकटी तापात असते ना... तसं लागलं हाताला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही नाही लावला हात?"

"सळई आहे की."

त्यानंतर त्यांनी तो गठ्ठा कधी उचलला नाही. बाकीचे एकेक करून बॉयलरमध्ये गेले. मी त्याच्यावर 'ओला, थांबवा' अशी चिठ्ठी लावली होती. कोरड्या गठ्ठ्यावर. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खोटं लिहिलं.

नवा पेंढा येऊ लागलाय. उद्या सकाळी आठला शेड पूर्ण रिकामी हवी, असं साहेबांनी सांगितलं. "एका गठ्ठ्यासाठी काय अडलंय तुमचं?" 

आज रिकाम्या शेडमध्ये तो एकटाच होता.

नऊला एकोणचाळीस. बाराला चाळीस. दोनला एक्केचाळीस.

तीन वाजले. एक्केचाळीस.

चार वाजले.

आता साडेपाच झालेत, पाळी संपली आहे. आकडा आज पहिल्यांदाच उतरलेला नाही. मी हातमोजे काढून बाजूला ठेवलेत.

हात अजून लावलेला नाही.